विश्लेषण : औंढ्याच्या ‘लायगो’चे संगणक आणि लिनक्सच्या हजारो सेटिंग, कर्नल पॅरामीटर म्हणजे काय? त्यांची नोंदवही कशी ठेवतात?

हिंगोली : औंढा नागनाथ तालुक्यात उभ्या राहणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेचा विषय निघाला की चर्चा होते ती चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची, लेसरची आणि २,६०० कोटींच्या खर्चाची. पण या भुजांच्या टोकाला टांगलेले आरसे जागेवर धरून ठेवण्याचं काम करतो तो संगणक. अमेरिकेतल्या दोन्ही लायगो वेधशाळांमध्ये हे काम लिनक्सवर चालतं, तेही लिनक्सच्या अगदी गाभ्यात, म्हणजे ‘कर्नल’मध्ये.

या कर्नलला हजारो बारीकसारीक सेटिंग असतात. त्यांना ‘पॅरामीटर’ म्हणतात. कोणतं सेटिंग कशासाठी आहे, ते कुठे लिहायचं, कुणी बदललं आणि का बदललं, याची नोंद नीट नसेल तर कोट्यवधींचं यंत्र असूनही मोजमाप बिघडू शकतं. जगभरातल्या लिनक्स विकासकांना हा प्रश्न अनेक वर्षं पडलेला आहे. हिंगोली जिल्ह्यात येऊ घातलेल्या वेधशाळेलाही तो सुटणार नाही. हा विषय नेमका काय आहे, समजून घेऊया.

‘लायगो-इंडिया’ प्रकल्प काय आहे?

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या लायगो वेधशाळांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर थेट टिपली. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ही बातमी जाहीर झाली आणि त्यानंतर आठवड्याभरातच, १७ फेब्रुवारी २०१६ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातल्या वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. अंतिम मंजुरी मिळायला ६ एप्रिल २०२३ उजाडला. ११ मे २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते प्रकल्पाची पायाभरणी झाली. काम २०३०च्या सुमारास पूर्ण करण्याचं उद्दिष्ट तेव्हा सांगण्यात आलं होतं.

पुण्याची ‘आयुका’, इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचं बांधकाम संचालनालय या चार संस्था प्रकल्पात आहेत. यंत्राचा आराखडा आणि महत्त्वाचे भाग अमेरिकेतल्या लायगोकडून येणार आहेत. म्हणजे हिंगोलीची वेधशाळा ही स्वतंत्र प्रयोग नाही, ती एका जागतिक जाळ्याचा भाग असेल. जाळ्यातली यंत्रं सारखी वागायला हवीत आणि ती सारखी वागतात हे कागदावर दाखवताही यायला हवं. सेटिंगच्या नोंदींचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

कर्नल म्हणजे नेमकं काय?

तुम्ही ही बातमी अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर तुमच्या हातातही लिनक्सचं कर्नलच आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ आणि मग ‘अँड्रॉइड आवृत्ती’ उघडलं की ‘कर्नल आवृत्ती’ असा एक आकडा दिसतो. तोच हा.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसरचा वेळ कोणत्या कामाला किती द्यायचा, मेमरी कुणाला द्यायची, कॅमेरा, डिस्क, नेटवर्क यांच्याशी कसं बोलायचं, हे सगळं कर्नल ठरवतं. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेलं हे कर्नल आज फोनपासून महासंगणकापर्यंत सगळीकडे आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात.

कर्नलला जोडता आणि काढता येणारे भागही असतात. त्यांना ‘मॉड्यूल’ म्हणतात. नवं नेटवर्क कार्ड बसवलं की त्याचं मॉड्यूल चढतं, काढलं की उतरवता येतं. संगणक बंद करून पुन्हा सुरू करायची गरज पडत नाही.

मग पॅरामीटर म्हणजे काय?

शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिलेवर एक आकडा फिरवून लावता येतो. मोटार तीच, स्टार्टर तोच, पण किती अँपिअरला मोटार बंद पडावी हे त्या आकड्यावर ठरतं. आकडा फार वर लावला तर मोटार जळते, फार खाली लावला तर पाणी चढायच्या आत ती पुन्हा पुन्हा बंद पडते. कर्नल पॅरामीटर असाच असतो. कोड तोच राहतो, वागणूक बदलते.

हे सेटिंग तीन ठिकाणांहून देता येतं. पहिलं ठिकाण म्हणजे संगणक सुरू होतानाची एक ओळ, जिला ‘बूट कमांड लाइन’ म्हणतात. दुसरं, मॉड्यूल चढवताना द्यायचे पर्याय. ते बहुतेक वेळा ‘मॉडप्रोब.डी’ नावाच्या फोल्डरमधल्या छोट्या फाइलींत लिहिलेले असतात. तिसरं, संगणक चालू असताना बदलता येणारी सेटिंग, ज्यांना ‘सिसकंट्रोल’ म्हणतात.

गोंधळाचं मूळ या तीन ठिकाणांतच आहे. काही पॅरामीटर फक्त पहिल्या ठिकाणाहून लागतात. काही पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्हीकडून लागतात. काही सुरू असताना बदलता येतात, काही फक्त वाचता येतात, तर काही दिसतच नाहीत. वरून पाहताना सगळी सारखीच दिसतात.

वेधशाळेला कर्नल मॉड्यूलची गरज का पडते?

लायगोचं मोजमाप किती सूक्ष्म आहे, हे आधी पाहू. गुरुत्वीय लहर गेल्यावर चार किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत होणारा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकाही असू शकतो. हा बदल टिपण्यासाठी ४० किलो वजनाचे आरसे चार टप्प्यांच्या लोलकावर टांगलेले असतात. रस्त्यावरची वाहनं, वारा, दूरच्या समुद्राच्या लाटा, भूकंपाचे धक्के यांचा थरथराट त्यांच्यापर्यंत पोहोचू नये यासाठी नियंत्रण-यंत्रणा सतत काम करत असते.

जमिनीची हालचाल हा हिंगोलीकरांना ऐकीव विषय नाही. २१ मार्च २०२४ च्या सकाळी जिल्ह्यात ४.५ आणि ३.६ रिश्टर तीव्रतेचे दोन धक्के जाणवले होते. परभणी आणि नांदेडमध्येही लोक घराबाहेर आले होते.

लायगोच्या नियंत्रणाचं चक्र असं चालतं : सेन्सरकडून आकडा घ्या, गणित करा, आरशाला किती ढकलायचं ते ठरवा, आज्ञा पाठवा. हे चक्र सेकंदाला १६,३८४ वेळा पूर्ण व्हावं लागतं. काही भागांत तर ६५,५३६ वेळा. म्हणजे एका फेरीसाठी मिळतात जेमतेम ६१ मायक्रोसेकंद, आणि वेगवान भागांत सुमारे १५ मायक्रोसेकंद. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

साधा प्रोग्रॅम इथे चालत नाही, कारण लिनक्स कुठल्याही क्षणी त्याला थांबवून दुसऱ्या कामाला वेळ देऊ शकतं. घरच्या संगणकावर एखाद्या मिलिसेकंदाचा हा उशीर कुणाच्या लक्षातही येत नाही. आरसा धरून ठेवताना तो परवडत नाही. म्हणून लायगोच्या अभियंत्यांनी नियंत्रणाचा कोड कर्नल मॉड्यूलच्या रूपात चढवण्याची पद्धत बसवली. प्रोसेसरचा एक अख्खा गाभा, म्हणजे ‘कोअर’, लिनक्सच्या नेहमीच्या वाटपातून बाजूला काढायचा आणि तो या मॉड्यूलला देऊन टाकायचा. त्या कोअरवर मग दुसरं काहीच चालत नाही. ही प्रणाली मुक्त-स्रोत असून तिच्यावरचा शोधनिबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

एका सेटिंगने असं काय बिघडतं?

उदाहरण घ्या. आजचे प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी काम नसेल तेव्हा डुलकी घेतात. झोप जितकी गाढ, तितका जागं व्हायला वेळ जास्त. लॅपटॉपसाठी हे चांगलं, बॅटरी टिकते. पण ज्या संगणकाला १५ मायक्रोसेकंदांत उत्तर द्यायचंय, त्याला गाढ झोप चालत नाही. इंटेलच्या प्रोसेसरवर ही झोप किती गाढ असावी, याला मर्यादा घालणारा एक पॅरामीटर आहे : ‘इंटेल-आयडल.मॅक्स-सीस्टेट’. टिंबाच्या आधीचा भाग मॉड्यूलचं नाव, नंतरचा पॅरामीटरचं.

समजा, हे नाव टाइप करताना एखादं अक्षर चुकलं, तर काय होईल? संगणक सुरू होईल आणि कुठलीही लाल खूण दिसणार नाही. बूट कमांड लाइनवर टिंब असलेलं अनोळखी नाव आलं, की ते एखाद्या मॉड्यूलसाठी असेल असं समजून कर्नल पुढे जातं. टिंब नसलेलं अनोळखी नाव असेल तर ते पुढे सुरू होणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमकडे सोपवलं जातं. २०२१ पासूनच्या कर्नलमध्ये अशा टिंब नसलेल्या नावांची सूचना लॉगमध्ये उमटते, पण लॉग कुणी उघडून पाहिला तरच ती कळणार. मॉड्यूल चढवताना चुकीचं नाव दिलं तरीही मॉड्यूल चढतं, फक्त ‘अनोळखी पॅरामीटर दुर्लक्षित’ अशी एक ओळ लॉगमध्ये पडते.

थोडक्यात, चुकीचं सेटिंग बहुतेक वेळा आवाज करत नाही. यंत्र चालू राहतं, पण तुम्हाला वाटतं तसं चालत नाही. अशी चूक पकडायची तर काय असायला हवं होतं, याची नोंद हाताशी लागते.

लिनक्सची अधिकृत नोंदवही कशी लावलेली आहे?

लिनक्सच्या मूळ कोडबरोबरच ‘डॉक्युमेंटेशन’ नावाचं फोल्डर येतं. त्यात प्रशासकांसाठीच्या भागात ‘कर्नल-पॅरामीटर्स’ नावाची एक साधी टेक्स्ट फाइल आहे. हजारो ओळींची ही एकच फाइल म्हणजे कर्नलच्या सेटिंगची सर्वांत मोठी यादी.

तिची मांडणी शब्दकोशासारखी आहे, इंग्रजी अक्षरक्रमाने. विरामचिन्हं धरायची नाहीत, आकडे अक्षरांच्या आधी, लहान-मोठ्या अक्षरांत फरक करायचा नाही, असे क्रमाचे नियमही ठरलेले आहेत. प्रत्येक नावापुढे कंसात छोट्या खुणा असतात. हा पॅरामीटर कर्नलच्या मूळ भागाचा आहे, की एखाद्या विशिष्ट प्रोसेसरपुरता, की वीज-व्यवस्थापनाचा, हे त्या खुणांवरून कळतं. खुणांचा अर्थ सांगणारी सूची सुरुवातीला दिलेली आहे. खाली किंमत कशी लिहायची, न लिहिल्यास काय धरलं जातं आणि उपयोग काय, एवढं असतं.

या नोंदवहीचा एक गुण म्हणजे प्रामाणिकपणा. वर्णन जिथे माहीत आहे तिथेच दिलेलं आहे आणि ही यादी पूर्णपणे अद्ययावत असेलच असं नाही, हे प्रस्तावनेतच सांगितलेलं आहे. मॉड्यूलची ताजी यादी हवी असेल तर ‘मॉडइन्फो’ ही आज्ञा वापरा, असा सल्लाही तिथेच आहे.

अडचणी अर्थात आहेत. कर्नलची नवी आवृत्ती साधारण ९ ते १० आठवड्यांनी येते. प्रत्येक वेळी काही पॅरामीटर वाढतात, काही जातात, काहींचा अर्थ बदलतो. शेकडो लोक कोड लिहितात, त्यातल्या प्रत्येकाला ही फाइल आठवतेच असं नाही. दुसरं म्हणजे, अक्षरक्रमाची यादी नाव माहीत असणाऱ्याच्या कामाची. ‘माझ्या प्रोसेसरचा एक कोअर मोकळा ठेवायचा आहे, काय करू?’ असा प्रश्न घेऊन येणाऱ्याला ती फारशी मदत करत नाही.

वर्णन कोडमध्येच लिहिलं तर?

मॉड्यूलसाठी लिनक्सने वेगळा मार्ग काढला आहे. मॉड्यूल लिहिणारा जिथे पॅरामीटरची घोषणा करतो, तिथेच त्याच्या शेजारी एका ओळीत त्याचं वर्णनही लिहितो. हे वर्णन मॉड्यूलच्या तयार फाइलमध्ये बसतं. त्यामुळे ‘मॉडइन्फो’ चालवलं की नाव, प्रकार आणि वर्णन समोर येतं. कोडची आवृत्ती आणि वर्णनाची आवृत्ती एकच असल्यामुळे दोघांत अंतर पडण्याची शक्यता कमी होते.

घोषणा करताना परवानगीचा एक आकडाही द्यावा लागतो. तो शून्य असेल तर चालू संगणकावर हा पॅरामीटर कुठेच दिसत नाही. वाचण्याची परवानगी असेल तर ‘सिस’ फोल्डरमधल्या ‘मॉड्यूल’ विभागात त्याची सध्याची किंमत पाहता येते. लिहिण्याचीही असेल तर प्रशासक ती तिथल्या तिथे बदलू शकतो.

म्हणजे एखादं सेटिंग पुढे तपासता येईल की नाही, हे मॉड्यूल लिहितानाच ठरतं. वेधशाळेसाठी स्वतःची मॉड्यूल लिहिणाऱ्यांना हा मुद्दा महत्त्वाचा आहे. परवानगीचा आकडा शून्य ठेवला, तर पाच वर्षांनी येणाऱ्या अभियंत्याला ती किंमत यंत्रावर पाहायला मिळणार नाही.

पण एका ओळीच्या वर्णनात किती मावणार? ‘वेळ, मिलिसेकंदांत’ एवढं लिहिलेलं असतं. कुणाच्या दृष्टीने वेळ, किती ठेवावी, वाढवली तर काय होईल, हे कळत नाही. म्हणून कोडमधलं वर्णन गरजेचं असलं तरी तेवढ्यावर भागत नाही.

अक्षरक्रम की विषयवार?

लिनक्समध्ये हा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही, पण तीन प्रयोग पाहण्यासारखे आहेत.

पहिला प्रयोग सुरक्षेच्या निमित्ताने झाला. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधले ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोष जाहीर झाले. त्यांच्यावरच्या उपायांसाठी एकामागून एक पॅरामीटर आले आणि अक्षरक्रमाच्या यादीत ते इकडेतिकडे विखुरले. २०१९ मध्ये ‘मिटिगेशन्स’ हा एकच पॅरामीटर आला, जो या सगळ्यांना एकत्र हाताळतो. शिवाय प्रोसेसरच्या दोषांसाठी वेगळं फोल्डर करून त्यात दोष काय, धोका काय, कोणतं सेटिंग काय करतं, हे विषयवार लिहिलं गेलं. यादी आणि समजावणारं प्रकरण असे दोन भाग वेगळे झाले.

दुसरा प्रयोग भरवशाच्या पायरीवर आहे. ‘सिस’ फोल्डरमधून दिसणाऱ्या सेटिंगची कागदपत्रं चार कप्प्यांत लावतात : स्थिर, चाचणीतली, कालबाह्य होत असलेली आणि काढून टाकलेली. यात वाचणाऱ्याला पहिल्याच नजरेत कळतं, की या सेटिंगवर पुढची काही वर्षं विसंबता येईल का.

तिसरा प्रयोग तुमच्या फोनपर्यंत आला आहे. बूट कमांड लाइन ही एकच लांब ओळ असते. नेहमीच्या इंटेल धाटणीच्या संगणकांवर तिला २,०४८ अक्षरांची मर्यादा आहे आणि त्या ओळीत ‘हे सेटिंग का लावलं’ अशी टीप लिहायला जागाच नसते. २०२० मध्ये कर्नलमध्ये ‘बूटकॉन्फिग’ नावाची सोय आली. यात सेटिंग झाडाच्या फांद्यांसारखी गटवार लिहिता येतात, टीपही लिहिता येते, आणि जागा ३२ किलोबाइटपर्यंत मिळते. अँड्रॉइड १२ पासून, नव्या कर्नलच्या फोनमध्ये, फोन सुरू होतानाची अँड्रॉइडची स्वतःची सेटिंग याच मार्गाने दिली जातात.

कागद आणि वावर यांत फरक पडला तर?

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा प्रश्न नवा नाही. सातबाऱ्यावर एक पीक आणि वावरात दुसरं, किंवा वाटणी झाली पण फेरफार पडला नाही, याचा त्रास अनुदान आणि पीकविम्याच्या वेळी कळतो. म्हणूनच पीकपाहणी लागते. राज्यात २०२१ पासून ती फोनवरून, ‘ई-पीक पाहणी’ने होऊ लागली.

संगणकातही फाइलमध्ये लिहिलेलं एक आणि चालू असलेलं दुसरं, असं सर्रास होतं. त्याची तीन कारणं वारंवार दिसतात.

एक, काही मॉड्यूल संगणक सुरू होण्याच्या अगदी पहिल्या टप्प्यात, एका तात्पुरत्या छोट्या प्रतिमेतून चढतात. ‘मॉडप्रोब.डी’मधली फाइल बदलली पण ती प्रतिमा पुन्हा बनवली नाही, तर जुनंच सेटिंग लागतं.

दोन, एखादा भाग एका कर्नलमध्ये सुट्या मॉड्यूलच्या रूपात असतो आणि दुसऱ्या कर्नलमध्ये आतच बांधलेला असतो. आत बांधलेला असेल तर ‘मॉडप्रोब.डी’मधल्या ओळीचा त्यावर काहीच परिणाम होत नाही. तिथे बूट कमांड लाइनवरच लिहावं लागतं.

तीन, कुणीतरी अडचणीच्या वेळी चालू यंत्रावर किंमत बदललेली असते. यंत्र पुन्हा सुरू झालं की ती पुसली जाते आणि अडचण परत येते. का, ते कुणालाच आठवत नाही.

यावरची पीकपाहणी सोपी आहे. ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘सीएमडीलाइन’ ही फाइल वाचली की संगणक नेमक्या कोणत्या ओळीने सुरू झाला ते दिसतं. ‘सिस’मध्ये मॉड्यूलच्या पॅरामीटरच्या सध्याच्या किमती दिसतात. या दोन्हींची नोंदवहीशी तुलना करणारी छोटी स्क्रिप्ट रोज रात्री चालवली, तर फरक सकाळपर्यंत समोर येतो.

दीर्घकाळ चालणाऱ्या यंत्राची नोंद कशी असावी?

वेधशाळा ही दोन-तीन वर्षांची गोष्ट नसते. अभियंते बदलतात, संगणक बदलतात, कर्नलच्या आवृत्त्या बदलतात. एका वेधशाळेत मिळालेला संकेत दुसरीतल्या संकेताशी मिलिसेकंदांच्या हिशेबात ताडून पाहायचा असतो. पहिली लहर लिव्हिंग्स्टनला पोहोचल्यावर सुमारे ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला पोहोचली होती. अशा फरकांवरून आकाशातली दिशा काढतात. हिंगोलीची वेधशाळा जोडली गेली की ही दिशा अधिक नेमकी होणार आहे, आणि म्हणूनच इथल्या संगणकांची वागणूकही वर्षानुवर्षं दाखवता येण्याजोगी लागेल.

अशा ठिकाणी प्रत्येक सेटिंगची नोंद सात प्रश्नांची उत्तरं देणारी असली, तर ती पुढच्या माणसाच्या कामी येते :

१. पॅरामीटरचं पूर्ण नाव काय, आणि तो कर्नलचा की कोणत्या मॉड्यूलचा?

२. तो कुठे लावला आहे : बूट ओळीत, मॉड्यूलच्या फाइलमध्ये, की चालू यंत्रावर?

३. मूळची किंमत काय होती आणि आपण काय ठेवली?

४. का बदलली? कोणती अडचण होती, कोणत्या मोजमापाने ती दिसली?

५. कुणी आणि कधी बदलली?

६. कर्नलच्या कोणत्या आवृत्तीवर ती तपासली?

७. ती लागली आहे, हे कोणत्या आज्ञेने पडताळायचं?

यातला चौथा प्रश्न सर्वांत जास्त वेळा रिकामा राहतो. नाव, किंमत, तारीख हे यंत्रावरून किंवा फाइलच्या इतिहासावरून पुन्हा काढता येतं. कारण मात्र ज्याने बदल केला त्याच्याच डोक्यात असतं. तो दुसऱ्या नोकरीला गेला की पुढच्या माणसापुढे दोनच पर्याय उरतात : न समजता ते सेटिंग तसंच ठेवायचं, किंवा न समजता काढून टाकायचं.

सहावा प्रश्न का हवा, याचं उदाहरण अधिकृत यादीतच आहे. प्रोसेसरचे कोअर वेगळे काढण्यासाठी ‘आयसोल-सीपीयूज्’ हा पॅरामीटर अनेक वर्षं वापरात आहे. अधिकृत यादी मात्र त्याला कालबाह्य म्हणते आणि ‘सीपीयूसेट’ ही वेगळी सोय वापरायला सांगते. तरीही तो कर्नलमध्ये टिकून आहे आणि जुन्या-नव्या मार्गदर्शिकांत त्याचा उल्लेख सापडतो. आपण कोणत्या आवृत्तीवर, कोणता मार्ग, का निवडला, हे लिहिलेलं नसेल तर पुढचा अभियंता यादी वाचून गोंधळणार.

नोंदी कुठे ठेवायच्या, यालाही उत्तर आहे. एक्सेलची शीट फिरत राहते आणि तिच्या चार प्रती होतात. त्यापेक्षा सेटिंगच्या मूळ फाइली आणि त्यांच्यावरची टिपणं ‘गिट’सारख्या आवृत्ती-नियंत्रणात एकत्र ठेवली, तर प्रत्येक बदलाची तारीख, नाव आणि कारण आपोआप सोबत राहतं. विशेष म्हणजे ‘गिट’ टोरव्हाल्ड्स यांनीच २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी बनवलं होतं.

मराठीत हे का नाही?

लिनक्सच्या कागदपत्रांत अनुवादासाठी वेगळं फोल्डर आहे. त्यात चिनी, जपानी, कोरियन, इटालियन आणि स्पॅनिश भाषेतली पानं आहेत. मराठी नाही. ‘एआयसीटीई’ने २०२१-२२ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली आणि त्यात मराठीही आहे. पण वर्गाबाहेर पडल्यावर प्रत्यक्ष यंत्राची वही इंग्रजीतच उघडावी लागते.

पॅरामीटरची नावं मराठीत करण्याची गरज नाही, ती कोडचा भाग आहेत. गरज आहे ती समजावणाऱ्या पानांची : हे सेटिंग काय करतं, कधी लावावं, चुकलं तर काय दिसतं. यादीपेक्षा हे काम लहान आहे आणि ते करायला कर्नलचा कोड लिहिता येण्याची अट नाही. लिनक्समध्ये नवख्यांनी सुरुवात कागदपत्रांच्या दुरुस्तीपासून करणं ही जुनी रीत आहे. हिंगोली, नांदेड, परभणीतल्या आयटीआय, तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना या दारातून आत जाता येईल.

विद्यार्थ्यांनी सुरुवात कुठून करावी?

जुन्या लॅपटॉपवर कोणतंही लिनक्स टाका. ‘सी-डॅक’ने तयार केलेलं ‘बॉस’ हे भारतीय लिनक्सही चालेल. मग क्रमाने चार गोष्टी करा. ‘प्रॉक’मधली ‘सीएमडीलाइन’ वाचा आणि त्यातला प्रत्येक शब्द अधिकृत यादीत शोधा. वायफायच्या मॉड्यूलवर ‘मॉडइन्फो’ चालवून त्याचे पॅरामीटर पाहा. ‘सिस’मध्ये त्यांच्या सध्याच्या किमती बघा. शेवटी यातल्या तीन पॅरामीटरची, वर दिलेल्या सात प्रश्नांच्या क्रमाने, मराठीत नोंद लिहा. या सरावात फक्त वाचायचं आहे, काहीही बदलायचं नाही, त्यामुळे लॅपटॉप बिघडण्याची भीती नाही.

ही नोंद लिहिताना बहुतेकांना एक गोष्ट जाणवेल : किंमत सापडायला दोन मिनिटं लागतात, ‘का’ शोधायला तासभर जातो. औंढ्यातले आरसे टांगले जातील तेव्हा तिथल्या संगणकांवरही हेच होणार आहे. तिथे मात्र तो तासभर शोधायची वेळ येऊ नये, यासाठी नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी लागेल.